खांबावरचा आकडा

रोज सकाळी आठला मी स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या लिफ्टच्या वरच्या ठाण्यामागे रोवलेल्या खांबापाशी जाते, बर्फ किती आहे ते बघते आणि खाली कचेरीत सेबेशानसाहेबांना फोनवर सांगते. ते तो आकडा लोकांसाठी जाहीर फलकावर लिहितात. बारा वर्षं हेच काम. आमच्या पारांगच्या डोंगरात खरा आकडा कुणीच सांगत नाही. दहा-वीस सेंटिमीटर मी वाढवायचे, त्यात साहेब आणखी घालणार, हे सगळे धरूनच चालतात.

यंदा जानेवारी संपत आला तरी नुसतं गवत. लिफ्ट बंद पडली तर ती चालवणारा माझा नवरा डोरेल पुन्हा इटलीला मजुरीला जाणार. मागच्या वेळी गेला तो तीन वर्षं फिरकला नव्हता. मी सरळ ठोकून दिलं, "दोन मीटर ऐंशी."

"सफ्ता, थोडी तरी लाज बाळग," साहेब हसले. पण लिहिलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी माणसांची झुंबड उडाली. "काय बर्फ आहे!" म्हणत होती. मला गवतच दिसत होतं, आणि ती माणसं माझ्या डोक्यावरून, हवेतून सरसर घसरत चालली होती. डोरेलला सांगितलं तर म्हणाला, "जरा झोप काढ गं बाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो वरच्या उतारावर खुणेच्या काठ्या रोवायला गेला. थोड्या वेळाने सगळे एकदम ओरडले, "बर्फाचा कडा सुटला!" मला साधा आवाजही आला नाही. डोरेल मात्र स्वच्छ दिसत होता. गवतात पालथा, एक हात तोंडापुढे.

मी धावले. खांदे धरून ओढलं. तो तसूभर हलेना, सिमेंटमध्ये रुतल्यासारखा. वर पाहिलं तर बचाव पथकाचे बूट. बर्फात गाडलेला माणूस चाचपायच्या त्यांच्या लांब सळया खाली येत होत्या आणि त्याच्यापासून हातभर लांब घुसत होत्या.

"त्राइलाकाका, डावीकडे! अजून डावीकडे!"

पथकाचे प्रमुख त्राइलाकाका थबकले. "कुणी बोललं का रे?"

सळई पुन्हा उजवीकडेच घुसली.

मी साहेबांना फोन लावला. "शून्य लिहा. आत्ताच्या आत्ता."

"सफ्ता? कुठून बोलतेयस? आवाज किती दबलाय तुझा."

"पाया पडते तुमच्या! शून्य!"

"बरं बाई, लिहिलं."

बूट गवतावर टेकले. डोरेल माझ्या हातात सैल पडला, आणि मी त्याला कवटाळून ढसाढसा रडले. त्राइलाकाकांनी त्याच्या तोंडात आलुबुखाराची दारू ओतली. "काय रे गाढवा, सपाट गवतात पडतोस?" सगळे हसले. बर्फाचं नाव कुणीच काढलं नाही.

त्याला चार दिवस झाले. डोरेलला चुलीपाशी बसवलंय. मी घामाने निथळतेय, तो कुडकुडतोय. तोंडापुढचा हात काढत नाही. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे.

"सफ्ता, खणतायत ना गं?" तो सारखा विचारायचा.

"हो रे. आलेच बघ."

आज सकाळपासून विचारत नाही. ओठ निळे पडत चाललेत. मी फावडं घेऊन त्याच्यासमोर उभी आहे, आणि कुठे खणायचं ते मला कळत नाही.