दोन थापा

टण्ण... टण्ण... टण्ण... ढप.

हा आवाज लोटूनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. नवापूरकडच्या एका मालट्रकवर तो क्लीनर होता. गाडी थांबली की उतरायचं, टॉमी, ती लोखंडी कांब, घ्यायची आणि एकेका टायरवर ठोकत गाडीभोवती फिरायचं. भरलेलं टायर टण्ण वाजतं, बसलेलं टायर ढप करतं. फेरी झाली की गाडीच्या पाठीवर हातानं थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. दोन थापा ऐकल्या की ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. गिअर टाकतो आणि निघतो...

अशोकबाबा बोलता बोलता थांबले. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या त्या सोसायटीत धनतेरसचे दिवे एकेक करून विझत चालले होते. ओट्यावर बाबांच्या शेजारी दिवाळीला आलेली त्यांची नात मानसी बसली होती, आणि खालच्या पायरीवर तिचा भाऊ ओंकार. समोर पाण्याच्या टाकीखाली जुनी मिनीबस उभी होती, धुळीनं भरलेली. ओंकार तिचीच किल्ली मागायला आला होता. उद्या चार दोस्तांना घेऊन हायवेवरच्या पार्कात जायचं, रात्री गाडीतच झोपायचं, असा त्यांचा बेत होता.

"किल्ली ही घे," बाबा म्हणाले आणि ती त्यांनी ओट्यावर ठेवली. "पण उचलायच्या आधी ऐक. लोटूनं मला जसं सांगितलं तसंच सांगतो."

"भुताची गोष्ट का, दादाजी?" ओंकार हसला. "चालो, संभळावो, ऐकवा."

बाबा हसले नाहीत.

लोटू, राघो आणि धुडकू याच सोसायटीतले, एकाच गावचे, तापीकाठचे. तिघांनी एकाच डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, जन्म काढला. कामावरून सुटले तेव्हा तिघांनी मिळून ही कंपनीची भंगारात निघालेली बस घेतली आणि तिची घरगाडी केली. बाकडी काढली, मागे पलंग बसवला, पलंगाला पडदा लावला. स्टोव्ह आला, पाण्याची टाकी आली. दारावर प्रमिलावहिनीनं तोरण बांधलं. प्रमिलावहिनी म्हणजे धुडकूची बायको.

गाडी चालवायची राघोनं. तेलपाणी, नटबोल्ट, टायर सगळं धुडकूकडे. धुडकू म्हणजे जिवंत माणूस. दिसेल त्याला हाक मारणारा, दिसेल त्याला चहा पाजणारा. आणि घरी भांडण! नवराबायकोचं रोज वाजायचं. भाजीत मीठ जास्त का, दार उघडं का टाकलं, काहीही पुरायचं. सगळी गल्ली म्हणायची, धुडकूच्या घरात रेडिओची गरज नाही.

त्या धुडकूला पार्कातल्या मोठ्या पाळण्यात बसायचं होतं. पलसाण्याच्या डाईंगला कामाला जाताना बसच्या खिडकीतून तो पाळणा त्याला रोज दिसायचा. बसायला कधी जमलं नाही.

"एकदा वरून बघायचंय भो," तो लोटूला म्हणायचा, "आपण खाली कसे दिसतो ते."

मग ठरलं. गेल्या वर्षी, काळी चौदस, म्हणजे आपली नरक चतुर्दशी. डाईंगा बंद, सुरत अर्धी रिकामी. रात्री निघायचं, पार्काच्या बाहेर गाडी लावून झोपायचं, सकाळी पहिल्या रांगेत उभं राहायचं. निघताना वहिनीनं गाडीच्या दारात पणती लावली. म्हणाली, "सणाच्या रात्री घराबाहेर चाललात, मग हेच घर समजा."

"घरच आहे," धुडकू म्हणाला. "फक्त तू नाहीस, म्हणून शांतता आहे."

वहिनीनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. गाडी निघाली.

हायवेला लागायच्या आधी कालव्याजवळ एक चौफुली आहे. तिथं राघोनं गाडी कडेला घेतली. मोठ्या रस्त्यावर चढण्याआधी धुडकू टायर बघितल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. चौफुलीवर एकच दिवा, तोही फडफडणारा. धुडकूनं आधी चहा टाकला. दार उघडं होतं, दारात वहिनीची पणती होती.

तेवढ्यात एक बाई आली. गुजराती घरची, डोक्यावर पदर. एका हातात ताट, दुसऱ्या हातात तांब्या.

तुम्ही पण बघितलंय ना? काळी चौदसला इथल्या बायका वडे तळतात, चौफुलीवर नेऊन ठेवतात, भोवती पाण्याचं रिंगण काढतात. घरातला ककळाट, म्हणजे भांडण, आजार, वर्षभराची कटकट, सगळं तिथं सोडायचं. ठेवताना बोलायचं नाही. परत जाताना मागे बघायचं नाही. आणि तिच्याशीही कुणी बोलायचं नसतं. आपल्या खानदेशात ही रीत नाही, पण इतकी वर्षं इथं राहून माणसाला माहीत होतंच.

धुडकूलाही माहीत होतं. पण जित्याची खोड. गाडीच्या दारात उभा राहून हातात कप घेऊन तो म्हणाला, "या ना बाई, चहा घ्या. घर आपलंच आहे!"

लोटूनं त्याचा सदरा ओढला. "अरे बोलू नको तिच्याशी!"

शब्द गेला तो गेला.

बाई थबकली नाही. तिनं गाडीच्या मागे, चौफुलीच्या मधोमध वडे ठेवले. पाणी फिरवलं. आणि आली तशी गेली. मागे न बघता.

"गेली की," धुडकू म्हणाला. "घाबरट लेकाचे." कप धुतले, टॉमी घेतली आणि खाली उतरला.

राघो स्टिअरिंगवर. लोटू त्याच्या शेजारी. बाहेर धुडकूची फेरी सुरू झाली. पुढचं टायर, टण्ण. पलीकडचं, टण्ण. मग मागची चार, टण्ण, टण्ण... सगळी भरलेली. लोटूला बरं वाटलं. तोच जुना आवाज. डोळे मिटले की नवापूरचा रस्ता दिसत होता.

मग थोडा वेळ काही नाही.

आणि पाठीवर थाप. एक. दोन.

राघोनं गिअर टाकला. मागचं दार लागल्याचा आवाज आला. गाडी मागून जराशी बसली, माणूस चढल्यावर बसते तशी. धुडकू नेहमी मागूनच चढायचा आणि सरळ पलंगावर आडवा व्हायचा.

गाडी हायवेला लागली.

"झोपला वाटतं," लोटू म्हणाला. मागे वळून बघितलं. पडदा अर्धवट ओढलेला. पलंगावर कुणीतरी डोक्यापर्यंत चादर घेऊन पडलेलं.

"थकला असेल," राघो म्हणाला. "बायको नाही भांडायला, झोप लागणारच."

दोघं हसले. गाडी पळत होती. गाडीत वास येत होता, ताज्या तळणाचा. लोटूला वाटलं, बाहेरचा असेल, दिवाळी आहे.

मग लोटूचा मोबाईल वाजला.

त्यानं खिशातून काढून बघितला. नाव होतं धुडकूचं.

त्याला वाटलं, मागून गंमत करतोय. हसतच फोन कानाला लावला.

"भो," धुडकूचा आवाज. मागे वारा. मागे किडे. "मला सोडून कुठं चालले रे तुम्ही?"

लोटूनं फोन कानाशी दाबला.

"मी लघवीला कालव्याकडे वळलो, तर गाडी निघालीच. हाका मारल्या. थापा कुणी मारल्या रे?"

मागे बघायचं नाही, असं लोटूनं ठरवलं. आणि बघितलं.

चादर होती. चादरीखाली कुणीतरी होतं.

"राघो," तो हळूच म्हणाला. "गाडी वळव."

"काय झालं?"

"धुडकू मागे राहिला."

राघोनं त्याच्याकडे बघितलं. मग वरच्या आरशाकडे त्याची नजर जायला लागली.

"आरशात बघू नको," लोटू म्हणाला. "रस्ता बघ. फक्त रस्ता बघ."

राघोनं बघितलं नाही. पण त्याला कळलं.

वळणार कुठं? हायवेला मध्ये दुभाजक. डाव्या अंगाला ट्रकांची रांग, मागे टँकरचे दिवे. थांबताही येईना. दुभाजकातला पुढचा कट, म्हणजे वळायची फट, येईपर्यंत जायचंच. कट येत नव्हता. लोटूनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"धुडकू, तिथंच थांब. आम्ही येतोय. काय दिसतंय तुला?"

"वडे नाहीत रे इथं," धुडकू म्हणाला. "आत्ताच होते. पाण्याचं रिंगण तेवढं आहे."

"तू त्या रिंगणापासून लांब राहा."

फोनवर नुसते किडे.

"धुडकू? ऐकतोस ना?"

"मी..." धुडकूचा आवाज अगदी बारीक झाला. "मी आतच उभा आहे भो. पाय उचलत नाही."

मागे, गाडीत, पलंग करकरला. कूस बदलल्यासारखा.

राघो रडत होता. रडत गाडी चालवत होता.

"लोटू..." फोनमधून आलं. इतकी वर्षं सुरतेत राहून धुडकू बाहेर कधी घरची बोली बोलायचा नाही. तेव्हा बोलला. "माले लई जा रे भो..."

मला घेऊन जा.

"येतोय," लोटू म्हणाला. "येतोय, येतोय." दुसरं काय म्हणणार? कट येत नव्हता.

आणि मग फोनमध्ये तो आवाज सुरू झाला.

टण्ण...

तिथं गाडी नव्हती. टायर नव्हतं. रिकामी चौफुली.

टण्ण...

"धुडकू, काय ठोकतोस? धुडकू?"

टण्ण...

...

ढप.

फोन बंद झाला.

मानसीनं बाबांचा हात घट्ट धरला होता. ओंकार हसत नव्हता.

"पुढे?" तो म्हणाला.

पुढे कट मिळाला. वळले. परत चौफुलीवर आले तेव्हा धुडकू रिंगणाच्या मधोमध उभा होता. हातात टॉमी. डोळे उघडे. लोटूनं त्याला मिठी मारली, ओढलं, तर लहान लेकरासारखा सोबत चालत आला. गाडीजवळ आल्यावर लोटूनं मन घट्ट केलं आणि आत जाऊन पडदा सरकवला. चादर सपाट पडली होती. खाली कुणी नव्हतं.

"धुडकू, बोल ना," राघो म्हणत होता. "शिव्या दे मला. मी सोडून गेलो तुला. दे शिव्या."

धुडकू त्याच्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून तो बोललेला नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डोकं तपासलं, गळा तपासला. सगळं ठीक आहे म्हणाले. जेवतो, झोपतो, सांगितलेलं ऐकतो. वहिनी मुद्दाम भाजीत मीठ जास्त घालते. निमूट खातो. मग ती स्वयंपाकघरात जाऊन रडते. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, त्या बाईनं तिच्या घरचा ककळाट टाकला. माझ्या घरचा का नेला हो? मला हवा होता तो."

कुणाकडे जाऊन मागायचा?

गाडी राघो ठेवीना, लोटू ठेवीना. किल्ली माझ्याकडे आली. त्या रात्रीनंतरच्या सकाळी लोटू गाडी धुवायला गेला होता. मागच्या पत्र्यावर दोन तळहात उमटले होते. तेलकट. तळण करणाऱ्या हातांचे. साबण लावला, सोडा लावला, डिझेलनं पुसलं. मग पत्र्याला नवा रंग दिला. चार दिवस बरं दिसलं. धूळ बसली, की तेवढ्याच जागी जास्त बसते. दोन पंजे पुन्हा दिसायला लागतात.

"म्हणजे त्या बाईनंच थापा मारल्या?" ओंकारनं विचारलं. "मागून येऊन?"

बाबांनी मान हलवली.

"खाली उभ्या असलेल्या माणसानं थाप मारली तर बोटं वर असतात, बेटा," ते म्हणाले. "त्या पंजांची बोटं खाली आहेत. टपावरून कुणी वाकून मारल्यासारखी."

ओंकारनं मिनीबसकडे बघितलं. तिची पाठ त्यांच्याकडे होती. दिव्याचा उजेड तिथवर अर्धाच पोचत होता. तो उठला नाही.

टण्ण...

मानसी दचकली. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला. "घाबरू नको. रोजची वेळ आहे त्याची."

गाडीच्या पुढच्या अंगानं, बंपरवर ठोकत, एक वाकलेला माणूस येत होता. हातात टॉमी. पहिलं टायर, दुसरं. हवा कधीच गेलेली होती. ढप... ढप... तरी तो एकही सोडत नव्हता. मागच्या टायरांशी आला, तीही ठोकली. मग गाडीच्या पाठीशी उभा राहिला. हात वर उचलला. पत्र्याच्या अगदी जवळ नेला.

आणि तिथंच थांबला.

वरच्या गॅलरीतून प्रमिलाबाईंची हाक आली. "अहो, ताट गार झालं! किती वेळची ओरडतेय मी! माणूस आहात की दगड?" आवाज चढला आणि मधेच फुटला. "एकदा तरी उलट बोला ना हो... एकदाच..."

धुडकूनं हात खाली घेतला. वर गॅलरीकडे बघितलं. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. ओट्यावरचे तिघंही श्वास रोखून बसले. लेकरानं पहिला शब्द काढावा म्हणून घर थांबतं, तसे.

त्यानं टॉमी काखेत धरली. ओट्यावरून किल्ली उचलून ओंकारनं ती बाबांच्या हातात परत ठेवली, तेव्हा धुडकू पाठ फिरवून जिन्याकडे चालू लागला होता. काहीच न बोलता.