कामून री

"जरा सरका री."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो टेबलाखालून. त्याआधी माझ्या पायापाशी कुणी माणूस आहे, हेच मला माहीत नव्हतं.

२००९ साल. हुमनाबादच्या बसस्टँडसमोर पहिल्या मजल्यावर चन्नबसप्पा अण्णांचं नेट कॅफे होतं, आणि काउंटरवर मी, जगदेवी. फॉर्म भरून देणे, टायपिंग, प्रिंट काढणे, ही माझी कामं. इन्व्हर्टर दिवसातून तीनदा बंद पडायचा, म्हणून अण्णांनी वैतागून हायवेवरच्या शेडमधून लॉरीचं वायरिंग करणारा माणूस बोलावला होता.

"'री' कुणाला म्हणायलाव?" मी पाय वर घेत विचारलं.

माझं शिक्षण उदगीरला मावशीकडं झालेलं, त्यामुळं 'का?'ऐवजी 'कामून?' म्हणायची सवय लागलेली आणि कन्नड मला अर्धंच यायचं. आमच्या गल्लीतल्या दखनी बोलणाऱ्या बायका मात्र दिवसभर एकमेकींना 'क्या री, कहाँ चली री' करायच्या. तेच डोक्यात. अनोळखी माणूस, पहिलीच भेट... आणि मला 'री'?

"मी काय तुमच्या गल्लीतली मैत्रीण हाय?"

टेबलाखालून एक चेहरा बाहेर आला. दातात टॉर्च धरलेला. त्यानं टॉर्च काढला, शर्टाला पुसला, मग बोलला.

"कन्नडात 'री' म्हणजे मान री. मराठीत 'जी' म्हणतात ना, तसं. आमच्या घरात मराठी अन् करजगी गावात कन्नड. त्यामुळं दोन्हीची भेळ झालीय."

"म्हणजे सगळ्यांनाच लावता?"

"म्हशीला न्हाई लावत." तो परत टेबलाखाली गेला. "म्हशीला नुसतं 'सरक' म्हणतो."

अण्णा तिकडून खो खो हसले. मी सरकले.

त्याचं नाव रविकुमार. लाइट आली, माझा स्क्रीन उजळला आणि त्यावरचं बघून तो टेस्टर हातात धरून तसाच उभा राहिला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गेम खेळायची. 'नाइन्थ बीकन'. अंतराळातल्या जहाजांचा कॅप्टन ओरिन, आणि अंधारात एकटा उभा असलेला नववा दीपस्तंभ, बीकन. त्याला आवाज आहे. तो हरवलेल्या जहाजांना वाट दाखवतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी ओरिन आपली सगळी माणसं स्वतःच्या हातानं त्या बीकनच्या ताब्यात देऊन टाकतो. जगभरचे खेळणारे चिडले होते. मीही. त्या दिवशी मी नेटवरच्या चर्चेत ओरिनला इंग्रजीत यथेच्छ शिव्या लिहीत होते.

"त्याला शिव्या देऊ नका री," रविकुमार म्हणाला. "त्यानं केलंच न्हाई ते."

"मग कुणी केलं? मी?"

"फ्यूज उडला की लोक फ्यूजला शिव्या देतात. वायर कुठनं तापायलीय ते कुणी बघत न्हाई. मी तिन्ही भाग खेळलोय, हा माणूस पहिल्या भागापासनं तापायलाय री."

हे बोलून तो निघून गेला. मी मात्र त्या दुपारी पुढं एक शिवी लिहू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. दुपारी दोन ते चार त्याच्या शेडची लाइट जायची. ते दोन तास मग आमच्या कॅफेत उजाडायला लागले. वहीत कन्नड अक्षरात सगळा हिशेबशीर मांडलेला तर्क: बीकन कुणाला हुकूम करत नाही. नुसता रोज बोलतो. गोड बोलतो. आणि ऐकणारा हळूहळू त्याच्या मनासारखा होत जातो, ते त्याचं त्यालासुद्धा कळत नाही. रवी वाचून दाखवायचा, नेटवरच्या चर्चेत टाकायला मी त्याचं इंग्रजी करायची. बाहेर पावसाची झिमझिम, खाली बसचे हॉर्न, आणि लॉऱ्यांवरच्या ओल्या ताडपत्रीचा वास वर खिडकीपर्यंत.

"हा पुरावा कच्चा हाय," मी म्हणायची.

"कच्चा कसा री?"

"पहिल्या भागात ओरिनला झोप येत न्हाई, म्हणून त्याचं मन ताब्यात गेलं? मलाबी झोप येत न्हाई."

"तुम्हाला कशानं येत न्हाई?"

मी की-बोर्डकडं बघायची.

पक्का पुरावा मात्र मला सापडला. बीकन प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'येस?' जोडायचा. जवळ या, येस? दमला असाल, येस? मी तिन्ही भागांतले संवाद उतरवून काढले. पहिल्या भागात ओरिनच्या तोंडी तो 'येस?' एकदाही नाही. दुसऱ्यात चार वेळा. तिसऱ्यात जवळजवळ प्रत्येक वाक्याला.

रवी कितीतरी वेळ त्या कागदाकडं बघत राहिला. मग माझ्याकडं.

"मी सहा महिने शोधायलोय री. तुम्ही आठ दिवसांत वायर धरलीत."

रोज कॅफेच्या जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरणारी मी, त्या दिवशी न मोजताच घरी गेले.

आईला जेवण वाढताना माझ्या तोंडून गेलं, "अजून भाजी घालू का री?"

म्हाळसा, म्हणजे माझी आई, भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली. शेजारची यल्लम्मा मावशी दारातच ज्वारी निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"पोरीला 'री' लागलंय म्हाळसा. सांभाळ." मग माझ्याकडं वळून, "आमच्या कन्नड माणसांत बायको नवऱ्याचं नाव घेत न्हाई बघ. नुसतं 'री' म्हणती. तेवढ्या एका अक्षरावर नवरा बाजारातनं वळून बघतो."

मला ठसका लागला. पाणी दोन्ही बायकांनी मिळून दिलं.

त्याच आठवड्यात वडिलांनी, इरप्पांनी, सांगितलं की रविवारी पुण्याचे पाहुणे येणार. मुलगा कंपनीत, स्वतःचं घर, आपल्यातलाच. मी दुसऱ्या दुपारी रवीला सांगितलं. सहज सांगितल्यासारखं. स्क्रीनकडं बघत... आणि एक डोळा त्याच्याकडं ठेवून.

त्यानं वही मिटली.

"चांगलं झालं री."

"चांगलं कामून?"

"परवा तुम्ही अण्णाला म्हणलात, 'चहा नको री.' ऐकलो मी." त्यानं वहीची कड नखानं सोलायला घेतली. "ते 'री' तुमचं न्हाई. माझं हाय. रोज दोन तास माझाच आवाज तुमच्या कानात. आपण हेच तर लिहिलोय... की माणसाला कळत न्हाई, हे मन आपलं का दुसऱ्याचं. मी आज काही विचारलो अन् तुम्ही व्हय म्हणलात, तर ते कोण म्हणलं? तुम्ही, का मी?"

"काय विचारणार होताव?"

"मला बीकन व्हायचं न्हाई री," एवढंच म्हणून तो जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले, तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इन्व्हर्टरसुद्धा त्यानं इतका चांगला दुरुस्त केला होता, की मेला बंदच पडेना.

रविवार आला. मुलगा खरंच चांगला होता. मान खाली घालून पोहे खात होता. त्याच्या आईनं मायेनं विचारलं, "पुण्यात करमेल ना गं तुला?"

"न्हाई," मी म्हणाले.

शब्द बाहेर पडला आणि मी तो तपासून बघितला. त्याला 'री'चं शेपूट नव्हतं. माझाच होता, अख्खा.

पाहुणे गेल्यावर वडील ओसरीवर बसले. मग माझाच उदगिरी शब्द उचलून विचारलं.

"कामून?"

"मला तिथं जायचंच न्हाई अप्पा."

"दुसरं कुणी हाय?"

"हाय. पण त्याला अजून विचारलं न्हाई."

वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग आधी विचारून तरी ये. उद्या मी लोकांना काय सांगू, पोरगी कुणासाठी बसलीय ते तिलाच ठाऊक न्हाई म्हणून?"

सोमवारी मी हायवेवरच्या शेडपाशी जाऊन उभी राहिले. शेजारी धाबा, पुढं लॉऱ्यांची रांग, बारीक पाऊस. एका केबिनमधून दोन पाय बाहेर आलेले. चपलांवरून मी ओळखले.

"तुमचा तर्क चुकलाय," मी त्या पायांना म्हणाले.

पाय दचकले. मग रवी सबंध बाहेर आला, गालावर काळं ग्रीस.

"कुठं चुकलाय?"

"बीकन बोलायला लागल्यापासनं ओरिन त्याला एकदा तरी 'न्हाई' म्हणलाय?"

त्यानं विचार केला. "न्हाई."

"अन् मी तुम्हाला किती वेळा म्हणले?"

"रोज." त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "कच्चा पुरावा, कच्चा पुरावा."

"मग? ज्याचं मन दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, त्याला 'न्हाई' म्हणता येतं का? काल पुण्याच्या पाहुण्यालाबी म्हणले."

त्याच्या हातातली पक्कड तशीच राहिली. "कामून?"

तो शब्द आमच्या मधोमध, पावसात उभा.

"हे 'कामून' कुणाचं हाय?" मी हळूच विचारलं. "करजगीचं का उदगीरचं?"

त्याचे कान लाल झाले.

"तीन भागांत बीकननं ओरिनचा एक शब्द उचललाय का? एकसुद्धा?"

"न्हाई री..."

"मग तुम्ही बीकन कसे?"

त्यानं फडक्यानं हात पुसले. एकदा, दोनदा, निघालेलं ग्रीस परत लावून तिसऱ्यांदा.

"मग हे... हे काय हाय?"

"ते तुम्ही शोधा. वायरमन तुम्ही हाव." मी एवढं म्हणून वळले.

रस्त्याच्या कडेपर्यंत आले आणि लक्षात आलं, वडिलांनी सांगितलेलं राहिलंच. विचारलंच नाही मी. मागं वळून बघितलं, तर तो परत केबिनमध्ये चढायलेला, पाठमोरा. हाक मारायला तोंड उघडलं. रविकुमार म्हणू? रवी? अहो?

"री..."

नुसतं तेवढंच. पुढं-मागं काही नाही.

धाब्यावर चहा पीत बसलेले तीन-चार नवरे एकदम वळून बघायला लागले. एकाच्या कपातला चहासुद्धा सांडला. पण ज्याचं अजून लग्नच झालं नव्हतं, तो सगळ्यांच्या आधी वळला होता.

पंधरा दिवसांनी करजगीहून त्याची माणसं आली. वडिलांनी त्याला एकच विचारलं, पोरीनं विचारलं का तुला? तो म्हणाला, एका अक्षरात विचारली री.

आता आमची भागी दोन वर्षांची आहे. भाग्यलक्ष्मी. आत्ताच मी तिला म्हणाले, टेस्टर तोंडात घालू नको, अप्पाचा आहे तो. तिनं टेस्टर काढला, बापासारखा फ्रॉकला पुसला आणि मला विचारलं,

"कामून री?"