गच्चीवरची लंगडी चाल

द्रौपदाबाईंनी मोबाईल टेबलावर ठेवला, पण तो आपटल्यासारखाच वाजला.

“जयभीम ताई. बघा हे. मना पोऱ्या लंगडा शे का?”

धुळ्यात टायरच्या दुकानावरच्या खोलीत सुलक्षणाताईंचं तपासाचं ऑफिस होतं. चार वर्षं वकिली करून, खोटं बोलायचे पैसे घेण्यापेक्षा खोटं पकडायचे घेऊ, म्हणून त्यांनी ते थाटलं होतं. मदतीला जीवरामआबा. पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. उभी नोकरी चुकीच्या माणसावर संशय घेण्यात गेली होती आणि ती सवय पेन्शनीसोबत घरी आली होती.

आबांनी चष्मा लावून व्हिडिओ पाहिला. गच्चीवर एक धिप्पाड पोरगा पाठमोरा चालत होता. दिसत होता तो कमरेपासून वर. एक पाऊल टाकलं की खांदा खाली जाई, मग अंग झटका देऊन वर येई. पलीकडच्या घराच्या गच्चीवर काळी पाण्याची टाकी, ती मात्र बुडापासून झाकणापर्यंत अख्खी. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘बुद्धभूषणचा गुडघा गेला.’

“गुडघाच वाटतोय,” आबा म्हणाले.

“तुम्हीबी तेच म्हणा!” बाई उसळल्या. “गच्चीवर बिबडे पलटाले गयता तो. ज्वारीचे बिबडे, सगळीकडे लुगड्यांवर पसरलेले. भर दुपार, स्लॅब तापलेला, अनवाणी पाय. तिथं माणूस नाचत नाही चालणार तर काय परेड करणार?”

प्रकरण असं होतं. खान्देश बिजली हा जळगावचा कबड्डी संघ. त्याचा पहिला चढाईपटू बुद्धभूषण. संघ जिंकायचा तो त्याच्या चढाईवर, आणि फोटोत करंडक उचलायचे ते मालक हितेंद्रशेठ. तीन हंगाम पोरगा चहापाण्याच्या पैशांत खेळला. यंदा करार नव्यानं व्हायचा होता. परवा शेठ स्वतः शिंदखेड्याजवळच्या गावी घरी आले, जेवले, बोलणी ठरली. रात्री हा व्हिडिओ फिरला. काल शेठचा निरोप आला, गुडघेफुट्या माणसाला अर्धेच पैसे. विचारत होता तो नाशिकचा संघही मागे सरला.

“डॉक्टरचा दाखला?”

“शेठ म्हणे आमच्याच डॉक्टरचा चालेल. तो डॉक्टर परगावी. अन् आज संध्याकाळी सहापर्यंत सही नाही झाली तर पोरगा हंगामभर घरी. सव्वीस वर्षांचा शे तो, ताई. चढाईचं वय किती ऱ्हातं?”

“परवा घरी कोण कोण होतं?”

“शेठ, संघाचा मॅनेजर रविंद्र, अन् आमच्याकडून बोलणी करणारा प्रेमराज. शेठ अन् तो पुणेकर रविंद्र बूट घालून थेट चुलीपर्यंत आले. मेले, अन्नाला तरी लाजा! एकट्या प्रेमराजनं दारात बूट काढले. फैजपूरचा शे, आपला माणूस.”

तिघं आधी गावी गेले. गच्चीवर पापडासारखे गोल, पातळ बिबडे अजून वाळत होते. जिना अंगणातून, दार एका कोपऱ्यात. गल्लीत गच्चीची घरं दोनच, हे आणि टाकीचं. काळी टाकी दिसायला बिबड्यांच्या रांगांमधून पार दुसऱ्या कोपऱ्यात जावं लागत होतं.

“एकही मोडलेला नाही,” सुलक्षणाताई वाकून म्हणाल्या. “द्रौपदाअक्का, यातले तुटके उचलले का?”

“तुटलाच नाही तर उचलू काय?”

“गल्लीतून काढला असेल हो व्हिडिओ,” आबा म्हणाले.

“उतरा खाली आणि त्या टाकीचं बूड दाखवा मला.”

आबा उतरले. गल्लीतून टाकीचं नुसतं झाकण दिसत होतं. ते घाम पुसत परत आले.

जळगावला संघाच्या ऑफिसात एसी असा लावलेला, जणू माणसं नाही, आइस्क्रीम ठेवलंय. हितेंद्रशेठ प्लॉट पाडून पैसेवाले झालेले. बोलतानाही समोरच्याचा चौरस फूट मोजायचे.

“मी कशाला गच्चीवर जाऊ? जेवलो आणि गाडीत एसी लावून बसलो. ड्रायव्हरला विचारा. आणि बाई, माल खराब निघाला की भाव उतरतो. यात तपास कसला?”

“माल म्हणजे बुद्धभूषण?”

“मग काय, केळी?”

शेठ स्वतःच्या विनोदावर पोट हलवून हसले. पगारी माणसंही हसली.

मॅनेजर रविंद्र बाहेर व्हरांड्यात सिगारेट ओढत होता. पायात पांढरे बूट, नाडीला दोन गाठी.

“जेवल्यावर मी गावात फिरलो. गच्चीवर पापड होते म्हणे. हे बूट काढायला-घालायला मला कंटाळा येतो, मी कुठेच काढत नाही. आणि मी कशाला त्याचं वाईट करू? पुढच्या महिन्यापासून ही नोकरीच माझी नाही. शेठनी दुसरा माणूस बघितलाय. कोण, ते सांगत नाहीत.”

“मग राग आहे तुमच्या मनात,” आबांनी डोळे बारीक केले.

“आहे ना. शेठवर आहे. शेठचे पैसे वाचवायला मी कशाला व्हिडिओ काढू?”

प्रेमराज रविंद्रच्याच केबिनमध्ये बसला होता. कडक इस्त्रीची पँट आणि पायात रबरी स्लिपर.

“नवे बूट चावले हो, टाचा सोलल्या,” तो म्हणाला. “बसा आबा. त्या खालच्या खणात बिस्किटं आहेत, घ्या. दमून आला असाल.”

आबांनी खण उघडला. बिस्किटं होती. त्यांना माणूस आवडला.

“व्हिडिओ निघाला तेव्हा तुम्ही कुठे होता?” ताईंनी विचारलं.

“अंगणात, फोनवर. गच्चीवर पाऊलसुद्धा टाकलं नाही. ताई, त्याला जास्त मिळाले तर मला जास्त मिळतात. मी त्याचा भाव पाडीन का?”

“तेवढी खिडकी लावता का? झळ येतेय,” ताई म्हणाल्या.

प्रेमराज उठला. खिडकीपर्यंत चारच पावलं, पण ती त्यानं तळव्यांच्या कडांवर टाकली, काचांवरून चालल्यासारखी. परत येऊन बसला तेव्हा कपाळावर घाम होता. एसीत.

बाहेर आल्यावर आबा कुजबुजले, “ताई, शेठच. ड्रायव्हर त्याचा, साक्ष त्याची.”

“आबा, तुमचा अंदाज ऐकला की मला धीर येतो. एक नाव कमी होतं.”

साडेपाचला सगळे शेठच्या खोलीत जमले. बुद्धभूषण आईशेजारी उभा होता. समोर अर्ध्या पैशांचा करार, त्यावर उघडं पेन.

“सही करून टाक भाऊ,” प्रेमराज मऊ आवाजात म्हणाला. “काहीच नसण्यापेक्षा बरं.”

“पेन बंद करा,” सुलक्षणाताई म्हणाल्या. “आधी तो व्हिडिओ. पलीकडची टाकी बुडापासून दिसते, म्हणजे काढणारा त्याच गच्चीवर होता. त्याला बिबडे दिसत होते, पोरगा असा का चालतोय तेही दिसत होतं. म्हणून मोबाईल उंच धरला, बिबडे येऊ नयेत असा. ही चूक नाही, लबाडी आहे.”

“पण कोणाची?” शेठनी घड्याळ पाहिलं.

“बिबड्यांमधून तो पार दुसऱ्या कोपऱ्यात गेला. एक बिबडा मोडला नाही, बुटाचा ठसा नाही. शेठ, तुम्ही आणि रविंद्र तर चुलीपुढेसुद्धा बूट काढत नाही. तुम्ही गेला असता तर तिथं चुरा पडला असता. वाळवणात पाय टाकताना ज्याचे हात आपोआप बुटाकडे जातात, असा एकच माणूस त्या दिवशी आला होता. लहानपणी आईनं धपाटे घालून लावलेलं वळण. प्रेमराजभाऊ, इमान विकलंत, पण वळण काही सुटलं नाही.”

“बूट काढणं गुन्हा आहे का?” प्रेमराज हसला. हसू ओठांवरच राहिलं.

“गुन्हा तळव्यांवर लिहिलाय. बूट चावला तर टाच सोलते, स्लिपरमध्ये आराम पडतो. तुम्ही स्लिपरमध्येही तळवा टेकवत नाही. बुद्धभूषणचे पाय मातीत घट्ट झालेत, तो नाचून सुटला. तुम्ही मात्र व्हिडिओ पुरा होईस्तोवर तापल्या स्लॅबवर हलला नाहीत, तळवे पोळले. दाखवा तळवे.”

प्रेमराजनं पाय खुर्चीखाली ओढले. तेवढं पुरलं.

“पण ताई, त्याचं कमिशनही अर्धं झालं असतं की!” आबांना राहवेना.

“रविंद्रच्या टेबलाच्या कुठल्या खणात बिस्किटं आहेत हे याला कसं ठाऊक, आबा? तुम्ही खाल्लीत, विचार नाही केलात. रविंद्रची खुर्ची कोणाला मिळणार हे शेठ सांगत नव्हते. ती याला मिळणार होती. आज एका पोराचं कमिशन बुडेल, उद्या अख्खा संघ याच्या हाताखाली.”

रविंद्रनं प्रेमराजकडे असं पाहिलं, की प्रेमराज भडाभडा बोलून मोकळा झाला. “शेठच म्हणाले होते! म्हणाले, काहीतरी कर, पण भाव उतरला पाहिजे!”

शेठ लाजले नाहीत. लाजायला काही लागतं, ते त्यांनी कधीच विकलं होतं.

“धंद्यात हे चालतं. बैल घेताना आपण दात मोजत नाही का?”

“मोजतात, शेठ,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “पण भाव पाडायला आधी कोणी दात पाडत नाही.”

“ठीक, ठीक. पहिला आकडा मान्य. वर थोडे घ्या. कर सही.”

बुद्धभूषण पहिल्यांदाच बोलला. “नाही. मला संघातून मोकळं केल्याचं लिहून द्या. आणि नाशिकच्या संघाला फोन लावा. तुमच्या तोंडानं सांगा, गुडघा ठणठणीत आहे. स्पीकरवर.”

“वेड लागलंय का तुला?”

“नाहीतर मी लीगच्या कमिटीला फोन लावते,” सुलक्षणाताई म्हणाल्या. “प्रेमराजभाऊ बोलायच्या मूडमध्ये आहेतच.”

शेठनी चौघांच्या तोंडाकडे पाहिलं. विकत घेण्यासारखं एकही दिसेना. त्यांनी दोन ओळी खरडल्या, सही केली आणि फोन लावला.

“हां, हितेंद्र बोलतोय. तो व्हिडिओ खोटा आहे. बुद्धभूषणचा गुडघा एकदम चांगला आहे. मी त्याला मोकळा करतोय. तुम्ही घ्या.”

पलीकडून प्रश्न आला.

“शेठ, एवढा चांगला आहे तर तुम्ही सोडताय कशाला?”

शेठनी फोनवर हात ठेवला. बुद्धभूषणनं मान हलवली. सांगा.

शेठनी हात काढला.

“तो... तो माझ्याकडे थांबायला तयार नाही,” हितेंद्रशेठ म्हणाले.

“जरा मोठ्यानं बोला शेठ,” पलीकडून आवाज आला, “ऐकू नाही आलं.”