इसरूभाऊंची टाच

डिसेंबरात वडशाच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मान वर करायला फुरसत नसते. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचा मोसम असतो. कुणाचा माईक खरखरतो, कुणाचा स्पीकर फाटतो, आणि सगळ्यांना सगळं आजच पाहिजे असतं. वडील गेल्यापासून दुकान मीच चालवते. जे मीटरवर दिसत नाही ते मी मानत नाही. यंत्राला नजर लागली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी चहासुद्धा विचारत नाही.

इसरूभाऊंना मात्र खुर्ची देते. तीस वर्षं एकाच कंपनीत गिटार वाजवणारा काटकुळा माणूस, पण लोक त्यांना ओळखतात ते टाचेमुळे. त्यांच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात खलनायक देवळापुढचा त्रिशूळ धरून खोटी शपथ घेतो. त्याच क्षणी विंगेत बसलेले इसरूभाऊ आपल्या गिटारच्या अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, टाच हाणतात आणि आभाळ गरजतं.

यात जादू काही नाही. अँपच्या पोटात स्प्रिंगची टाकी असते, म्हणजे पत्र्याचा चपटा डबा आणि त्यात ताणलेल्या तीन बारीक स्प्रिंगा. सूर एका टोकानं शिरतो, थरथरत दुसऱ्या टोकाला पोचतो, म्हणून गिटार विहिरीत वाजल्यासारखी घुमते. डब्याला धक्का बसला की स्प्रिंगा आपटतात आणि स्पीकरमधून गडगडाट निघतो. पण चार वर्षांपूर्वी राइस मिलच्या मैदानात मी तो ऐकला तेव्हा जागेवरून उठलेच होते. एवढ्याशा स्पीकरमधून एवढा आवाज! आणि तोही प्रेक्षकांच्या मागून आला. मिलच्या पत्र्यावरून परतला असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि त्या टाचेला मनातल्या मनात सलाम ठोकला.

परवा दुपारी तीनच्या सुमाराला कंपनीचा टेम्पो दारात थांबला. इसरूभाऊंनी अँप उतरवला आणि नागपूरहून मागवलेलं खोकं काउंटरवर ठेवलं.

"संघप्रियाबाई, टाकी बदलून द्या. सांजच्याले धानोऱ्यात पोचाचं हाय."

"झालं काय?"

"गिटार कोरडी वाजते म्हणते गुणवंतराव. अन् गर्जना दुरून येते म्हणते. त्यायले आता डोक्यावरच पाहिजे." गुणवंतराव कंपनीचे मालक. खलनायकही तेच होतात. "आज नाई जमलं तं उद्यापासून ब्रह्मपुरीचा कीबोर्डवाला. गर्जनाबी त्याच्याच बटनातून. मंग मी काऊन पाहिजे त्यायले? मले दुसरं येते तरी काय, बाई?"

तंबाखू मळता मळता त्यांचा अंगठा थांबला. मला गुणवंतरावांचा संताप आला.

"गर्जना येते ना पण?"

"येते ना. काल तं पोट्टे झोपेतून उठले."

मी स्क्रू काढता काढता थबकले. घुमारा आणि गर्जना एकाच स्प्रिंगांतून निघतात. एक बंद आणि दुसरी चालू, असं होत नाही.

टाकी बाहेर काढली. तिन्ही स्प्रिंगा तुटल्या होत्या. तुटलेल्या टोकांवर गंज इतका जुना होता की बोट लावताच भुगा झाला. टाकीतून अँपकडे जाणारी वायर निखळून लोंबत होती. ती बसते त्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. घर वाळून टणक झालेलं, माशा केव्हाच उडून गेलेल्या.

मी मीटर लावला. काटा हलला नाही.

या टाकीतून आदल्या रात्री काहीच निघालं नव्हतं. गेल्या वर्षीही नाही, त्याच्या आदल्या वर्षीही नाही.

"खराब हाय का लय?" इसरूभाऊंनी विचारलं.

"आहे थोडी," मी म्हटलं.

कामानं डोकं ठिकाणावर येतं. माती खरवडली, वायरी नव्यानं डाखल्या, नवी टाकी रबरावर बसवली. इसरूभाऊंनी गिटार जोडून एकच तार छेडली. सूर दुकानभर पसरला आणि सावकाश विरला. त्यांचे डोळे भरून आले. त्या बोटांत अजून काय काय होतं, आणि कंपनीनं इतकी वर्षं ते कोरडंच वाजू दिलं होतं!

"आता गर्जना," ते म्हणाले आणि टाच हाणली.

स्पीकरमधून ताटांचा ढीग कोसळल्यासारखा खणखणाट झाला. नव्या टाकीचा असाच येतो. इसरूभाऊंचं तोंड पडलं.

"हे नोहे, बाई."

टाच पडल्यापासून मी उगाचच आकडे मोजत होते. सातव्या आकड्याला वैनगंगेच्या बाजूनं गडगडाट सुरू झाला. लांब, भरीव, तोच, राइस मिलच्या मैदानातला. फळीवरच्या बरण्यांतले स्क्रू वाजले. समोरच्या रस्त्यावर धान वाळत घालणारी माणसं ताडपत्र्या घेऊन धावली आणि वर बघत उभी राहिली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

इसरूभाऊ डोळे मिटून, स्पीकरला कान लावून बसले होते. "हं, आली!" ते हसले. "नवीन टाकी हाय, उशिरा येते जराशी."

मी अँपच्या मागे हात घालून मेनची पिन उपसली. "पुन्हा मारा," म्हटलं.

त्यांनी मारली. मेलेला अँप गप्प राहिला.

चार मोजले. आकडा घटला, म्हणजे गर्जना जवळ सरकली होती.

या खेपेला गडगडाटानं बरणी फळीवरून खाली आली.

"आता जमून राह्यलं!" इसरूभाऊ उठलेच. "रात्री अजून जोर लावतो. माह्यी नोकरी वाचवली तुमी."

"इसरूभाऊ, ही गर्जना अँपमधून येत नाही."

"मंग कुठून येते?"

तीस वर्षं ज्याच्या टाचेला आभाळ ओ देतंय, तो माणूस हातात तंबाखूची पिशवी घेऊन माझ्याकडे भोळेपणानं बघत होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मागे सरावंसंही वाटलं.

"हळू मारा एवढंच," मी म्हटलं. "गुणवंतराव त्रिशूळ धरून उभे असतात ना?"

"त्यायलेच तं डोक्यावर पाहिजे, बाई."

त्यांनी अँप चढवला आणि टेम्पोच्या मागच्या फळीवर पाय खाली सोडून बसले. टपावर नाटकाचं सामान बांधलं होतं. त्यात त्रिशूळ उभा होता. मी पुठ्ठ्याचा समजत होते. उन्हात त्याची टोकं चकाकली. तो लोखंडी होता, विजेला बोलावणारा.

"हळू!" मी दारातून ओरडले.

टेम्पो हलला. इसरूभाऊंनी हसून हात वर केला आणि निरोपादाखल, सहज, टाच फळीवर आपटली.

मी मोजू लागले. दोनपर्यंत पोचले नाही.