बारा नकार

चंद्रावरच्या त्या वसाहतीत श्वाससुद्धा मागून घ्यावा लागे. माणूस श्वास घेत असेतो त्याच्या अंगावरचा संवेदक दर दहा मिनिटांनी विनंती धाडायचा. नियंत्रण कक्षातला 'विनंतीपाल' नावाचा छोटासा प्रोग्राम नोंदवही बघून हवेची झडप उघडायचा. गो या संगणकभाषेत लिहिलेले असे एकशे चाळीस विनंतीपाल होते आणि प्रत्येकाची नकार देण्याची तऱ्हा वेगळी. नुसता बारभाई कारभार! मृदुला टिळेकरने तो मोडीत काढला होता.

"सर, आता विनंतीपालाने स्वतः नकार लिहायचाच नाही," ती प्रमुख अभियंता सबनीसांना सांगत होती. "चूक दिसली की ती घेऊन तिथूनच मागे फिरायचं. नकार लिहिणार एकटा 'निवाडक', सगळ्यांच्या वरचा प्रोग्राम."

"उत्तरं जुळवून पाहिलीस?"

"झडपांची जोडणी काढून ठेवली आणि जुन्या-नव्या प्रोग्रामांना त्याच नव्वद हजार विनंत्या दिल्या. काना-मात्रेचा फरक नाही. दूरच्या बोगद्याचे बारा नकारसुद्धा जसेच्या तसे."

त्या बारांत तिचा धाकटा भाऊ शार्दूल होता. बोगदा खणायला गेलेल्यांची नावं तीन वर्षांपूर्वी नव्या नोंदवहीत चढवायची राहून गेली. तेव्हापासून त्यांना 'नोंद नाही, नकार' असंच उत्तर जायचं. हवा मात्र मिळायची, म्हणून सगळ्यांनी तो पडद्याचा दोष ठरवला. शार्दूल फोनवर हसायचा, "ताई, आजही नाकारलं बघ आम्हाला. रोज मरे त्याला कोण रडे!"

नवी प्रणाली सुरू झाली तेव्हा बोगद्यातले बाराजण पाळी संपवून झोपले होते. बारा नकार नेहमीसारखे उमटले. मृदुला निर्धास्त मनाने घरी गेली, जेवली आणि जरा आडवी झाली.

सहा तासांनी ती परतली तेव्हा सबनीस पेढ्यांचा डबा उघडून उभे होते.

"ये, ये! तीन वर्षांत पहिल्यांदा नकारांची ताजी यादी कोरी. तो जुना दोषही काढलास की तू!"

त्या दोषाला तिने हातच लावला नव्हता. तिने शार्दूलला फोन लावला. घंटा वाजत राहिली.

मग तिने बोगद्याचा जुना विनंतीपाल उघडला. 'नोंद नसेल तर नकार लिही.' त्याच्याखाली 'मागे फिर' ही ओळ हवी होती. ती नव्हतीच. लिहिणारा विसरला होता. म्हणून तो प्रोग्राम नकार लिहायचा, तसाच पुढच्या ओळीवर जायचा आणि झडप उघडायचा. कुणाच्या तरी विसराळूपणावर बारा माणसं तीन वर्षं जगली होती. तिचा विनंतीपाल मात्र दर वेळी शहाण्यासारखा मागे फिरला होता.

तिने जुना प्रोग्राम परत बसवला. आता मागेल त्याला हवा मिळणार होती, पण कुणीतरी मागायला हवं होतं.

"काय झालं गं?" सबनीसांनी विचारलं.

पडद्याला हात लावून ती पुटपुटत होती, "नकार येऊ दे. देवा, एक तरी नकार येऊ दे."

दहा मिनिटं झाली. मग वीस झाली. यादी कोरीच होती.