कौलावरचे सुळे

आईची कवळी बसवून घ्यायची, एवढ्यासाठीच सागर तिला घेऊन जयगडहून एसटीने रत्नागिरीला आला होता. गंगाच्या तोंडात कित्येक वर्षांत एक दात नव्हता. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास, बाहेर रिक्षांचा गोंगाट. भिण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा धरला आणि त्या थबकल्या.

"आजी, कवळी नाही बसायची. हिरडीतून सुळे येतायत. दोन्हीकडून... पुढे आलेले."

"या वयात? मस्करी करतेस काय गो बाय?" गंगा हसली.

सागर मात्र पुढे वाकून आईच्या तोंडात बघू लागला. असे सुळे त्याने रोज पाहिले होते, राजश्रीच्या, त्याच्या बायकोच्या तोंडात. हसताना ती ते पदराआड लपवायची.

तेव्हा राजश्रीला तपासून याच बाई म्हणाल्या होत्या, "तारा लावू. सावकाश रांगेत येतील." पण गंगाला दम कुठला! "सुळेवाली नवऱ्याला खाते," म्हणत तिने जत्रेतल्या दात काढणाऱ्याकडून ते उपटवले. राजश्री सागरकडे बघत होती, सागर जमिनीकडे. मग तिचा गाल सुजला, ताप डोक्यात गेला, आणि ती गेली. पोरांचे दुधाचे दात फेकतात तसे ते सुळे गंगाने कौलावर भिरकावले होते. जिभेच्या सवयीने बोललीही होती, "जुने घे, नवे दे."

 परतीच्या एसटीत गंगा जीभ सारखी हिरडीवर फिरवत होती.

घरी येऊन सागर पडवीत आडवा झाला. दुपार टळटळीत, माडसुद्धा हलत नव्हते. झोपेतच त्याला कौलांवरून काहीतरी बारीक घरंगळत आल्यासारखं वाटलं. मग मनगटात आग उठली. तो दचकून उठला. मनगटावर शेजारी शेजारी दोन भोकं, त्यांतून रक्त.

उशाशी आई बसली होती, तोंडावर पदर धरून.

"आये... काय केलंस हे?"

पदराआड ती हसली. आवाज कोवळा होता, ओळखीचा.

"हळू बोला ना, अहो... आये आत निजल्यायत."

आणि आतल्या काळोख्या खोलीतून, दात नसलेल्या तोंडाने, कुणीतरी बोबडं बोबडं हाका मारत होतं, "सागरा... अरे सागरा..."