मॉरिसचं हँडल

खंडेनवमीला आमच्याकडं कोणी पान्याला हात लावत नाही. शहापूरची सगळी गॅरेजं धुऊन, हत्यारांना हळदकुंकू लावून बंद असतात. मीही सकाळी पूजा उरकली आणि मुरबाडची एसटी धरली. दोन हजार तीन सालची गोष्ट.

सोराबशेठची चोपन्न सालची मॉरिस माझ्या शेडमध्ये उभी होती. जुन्या गाड्यांच्या मेळ्यात परीक्षक डिकी उघडून पान्यांची पिशवीसुद्धा तपासतात. पाने गाडीच्याच काळातले लागतात. प्लगपाना, ग्रीसगन, टायर काढायची पट्टी, सगळं मी भंगारवाल्यांकडून शोधून आणलं होतं. राहिलं होतं हँडल, पुढून घालून इंजिन फिरवायचं.

"पिशवी पुरी केलीस तर तुला मुंबईला माझ्या गॅरेजात नेतो," शेठ म्हणाले होते. "तिथं सात-आठ पोरं आहेत."

पगाराचं मी विचारलंही नाही. आई गेल्यापासून मी एकटाच जेवत होतो. मला ती सात-आठ पोरं हवी होती.

हँडलचा पत्ता एका भंगारवाल्यानं दिला होता: मुरबाडच्या पुढं, सिद्धगडाच्या पायथ्याला सकुबाईचं घर. तिचा नवरा धर्मा एका लाकडाच्या ठेकेदाराची मॉरिस चालवायचा. गाडी भंगारात गेली, पुढं धर्माही गेला. हँडल मात्र देवाजवळ होतं, हळदीनं पिवळं झालेलं.

"त्याचा उजवा हात अधू," सकुबाई सांगत होती. "मंग हँडल मारायची मी, न् हा आत बसायचा पॅडल दाबायला. जसा काय सायेब. आतून दारावर दोनदा टकटक केली का मी फिरवायचं. उशीर झाला तर वर शिव्या."

ती हसली. मग माझ्याकडं बघून थांबली.

"आत बसवायला मानूस हाय ना रे तुझ्याकडं? एकट्यानं मारू नको."

माझ्याबरोबर चहा प्यायलाही कोणी नाही, हे तिला कसं सांगणार? मी म्हणालो, "आहे."

"मंग ने. आज निजू दे त्याला, उद्या फिरव. पुढल्या नवमीला परत आण."

हँडल तिनं हातात दिलं नाही. उंबऱ्यावर ठेवलं. "आमी असंच देतो. चल म्हन न् उचल."

"चल," मी म्हणालो आणि उचललं. घरात गारवा होता, तरी ते लोखंड कोमट लागलं. कोणीतरी आत्ताच मुठीतून सोडल्यासारखं.

परतीच्या एसटीत माणसं दांड्याला लोंबकळत होती. माझ्या शेजारची जागा मात्र रिकामीच राहिली. कोणी बसलं नाही.

शेडवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेठ सकाळी येणार होते. बसतं का, तेवढंच बघू म्हणून हँडल घातलं. चपखल बसलं. मग राहवलं नाही. फिरवलं. इंजिन फुरफुरलं आणि मेलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा मेलं. आत कोणी पॅडल दाबल्याशिवाय ते धरणार नव्हतं.

मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. शेजारची गॅरेजं बंद. रॉकेलचा वास, ग्रीसचा वास... आणि मग बिडीचा. मी बिडी ओढत नाही.

टक... टक.

दाराच्या पत्र्यावर. आतून.

पळायला हवं होतं. पण उशीर झाला तर शिव्या बसतील, एवढंच डोक्यात आलं, आणि मी हँडल फिरवलं. इंजिन एका दमात लागलं. रेस चढली, हळूच उतरली, मुरलेल्या पायाखाली उतरते तशी. काचेवर बल्बचा उजेड पडला होता, आतलं काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळानं मी जाऊन दार उघडलं. सीट रिकामी. पॅडलच्या रबरावर ओली हळद होती.

मी गाडी बंद केली आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो. तिथंच उजाडलं.

शेठ आले. पिशवीतला एकेक पाना त्यांनी हातात घेऊन बघितला. "आता हँडल मारून दाखव, भगीरथ."

मी पुढं वाकलो आणि वाट बघत राहिलो.

टक... टक.

फिरवलं. लागली. शेठ खूश झाले. मग काचेतून आत बघत त्यांनी मान लववून नमस्कार केला.

"उस्ताद वाटतं तुझे? तू तर एकटा आहे म्हणाला होतास."

"...होतो."

"बरं, त्यांनाही घे मुंबईला. दोघांची सोय करू." मग ते माझ्या कानाशी आले. "पण त्यांच्या उजव्या हाताला काय झालंय रे?"

मी वर बघितलं नाही. हँडल अजून माझ्या मुठीत होतं.

आतून दारावर पुन्हा दोनदा वाजलं. या वेळी इंजिन चालूच होतं.